ज्याचं बोट, त्याचं बक्षीस

मित्रांनो, लास व्हेगासच्या विमानतळावर, विमानात शिरायच्या दाराशेजारी उभं असलेलं जुगाराचं मशीन ते मीच. वय झालं, अंग खिळखिळं झालं, आणि खरं सांगायचं तर आता कंटाळाही आलाय. समोर खुर्ची आहे, पण ती खेळणाऱ्यांसाठी. मला मेल्याला कुणी बस म्हटलं नाही.

याच राज्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मला उजवीकडे दांडा होता. तो ओढला की पोटातली तीन चाकं फिरत, चेरी, घंटा, सात असं काहीबाही समोर येई आणि कधीमधी नाणी खणखणत खाली पडत. पुढे दांडा काढला, बटण बसवलं. नाणी गेली, नोटा आल्या. मला कुणी विचारलं नाही.

येणारे प्रवासी बॅग फरफटत थेट माझ्याकडे धावतात. जाणारे खिशात उरलेलं माझ्या तोंडात घालतात. जिंकले की माझे मुके घेतात, हरले की लाथा घालतात, आणि खाऱ्या बिस्किटांचे हात माझ्याच अंगाला पुसतात. गावातली माणसं मात्र माझ्या वाटेला जात नाहीत. विमानतळावर खेळतो तो पाहुणाच, असं म्हणून ती हसतात. त्यांचं बरोबर आहे. मी फार हात आखडून देतो. मला बनवलंच तसं.

माझी विचारपूस करते ती एकटी लिगाया. ती फिलिपिन्सची, आमच्या मशीनांवर देखरेख करते, गुडघ्यांनी बेजार आहे. काच पुसता पुसता म्हणते, “काय म्हातारोबा, आजपण पोट बिघडलं का?” मग अडकलेली नोट काढते आणि कोपऱ्यात जाऊन डब्यातला भात आणि सुकी मासळी खाते.

आमच्याकडे एक रिवाज आहे. आपला हात चालत नसला की खेळणारा शेजारच्याला म्हणतो, “तू दाब, तुझ्या हाताला यश आहे.” आणि एक नियमही आहे. पैसे कुणाचेही असोत, ज्याने बटण दाबलं त्याचं बक्षीस. मोठं बक्षीस लागलं की मी जागीच थिजतो. मग लिगायाने यायचं, ओळखपत्र बघायचं, सही घ्यायची आणि पैसे हातात द्यायचे. रिवाज सगळ्यांना ठाऊक असतो. नियमाची पाहुण्यांना गंधवार्ता नसते.

एकदा दुपारी नेब्रास्काचं एक म्हातारं जोडपं माझ्यापुढे येऊन बसलं. नवरा मर्ल, बायको आर्डिथ. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मौज करायला आले होते, आणि दुसऱ्याच दिवशी आर्डिथच्या धाकट्या बहिणीच्या, फर्नच्या, दवाखान्यातून फोन आला. लगेच निघा, म्हणाले.

“विमानाची रांग हलू दे तरी, आर्डिथ. जरा दम धर.”

“फर्नला दम धर म्हणून कोण सांगणार?”

मर्लने खिशातली नोट माझ्या तोंडात सरकवली. “तुझ्या हाताला यश आहे. दाब एकदा.”

“अरे, माझी बहीण तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि तुला खेळ सुचतोय?”

“रडत बसण्यापेक्षा बरं. एकदाच. मग उठू.”

“घे बाबा, दाबलं. झालं समाधान?”

तिने पाहिलंसुद्धा नाही. तीन सात एका ओळीत आले, आणि मी थिजलो. लिगाया लंगडत आली.

“कुणी दाबलं?”

“मी,” मर्ल म्हणाला.

“साहेब, वर कॅमेरा आहे. माझ्या पोटावर पाय देऊ नका.”

“बरं, हिने. पण नोट माझी होती.”

“नोट तुमची, बोट मॅडमचं. थांबावं मॅडमनाच लागेल.”

तेवढ्यात त्या दोघांच्या नावाने शेवटचा पुकारा झाला. आर्डिथ उठलीच. मर्लने तिची बाही धरली. “चार हजार डॉलर आहेत गं. फर्नच्या दवाखान्याला होतील. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे.” फर्नचं नाव ऐकून ती थांबली. मला फार वाईट वाटलं.

लिगाया गुडघे विसरून पैसे आणायला पळाली. पण पैसे देताना दुसरा माणूस साक्षीला लागतो, आणि तो जेवायला गेला होता. तो आला, सही झाली, नोटा मिळाल्या, आणि दार लागलेलं होतं. मर्लने काचेवर थापा मारल्या. पलीकडची मुलगी म्हणाली, “साहेब, दार लागलं की लागलं. पुढचं विमान संध्याकाळी.”

आर्डिथ परत माझ्याच खुर्चीत येऊन बसली. फोन वाजला. पलीकडे भाचा होता.

“मावशी, आईच्या कानाशी फोन धरतोय. ती बोलत नाही, पण ऐकतेय. लवकर बोल. आणि हा कसला गोंगाट? कुठे आहेस तू?”

तो गोंगाट माझा होता, मित्रांनो. पैसे दिले की मी पुन्हा दिवे लावून वाजायला लागतो. गप्प बसणं माझ्या हातात नाही. आर्डिथने फोन छातीशी धरला आणि लिगायाकडे बघितलं. लिगायाने कुणालाही न विचारता किल्ली लावली आणि आधी मला, मग माझ्या दोन्ही शेजाऱ्यांना बंद केलं. त्याबद्दल तिला पुढे खूप बोलणी खावी लागली. मी विझलो, पण ऐकू येत होतं.

“फर्न,” आर्डिथ म्हणाली, “मी निघालेय गं. वाटेतच आहे.”

मर्ल नोटांची गड्डी घेऊन बाजूला उभा होता. ती खिशात ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. थोड्या वेळाने भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, आई गेली.” आर्डिथने मान हलवली आणि फोन मांडीवर ठेवला.

मित्रांनो, मोठे झालात की कधीतरी या दाराशी याल. तेव्हा माझ्या अंगाला हात पुसू नका, मला लाथ मारू नका, एवढंच मागितलं असतं पूर्वी. आता एकच मागतो. तिकडे कुणी तुमची वाट बघत असेल, तर माझ्याकडे बघूही नका. पुकारा होण्याआधीच उठा आणि त्या दारातून आत जा.