पत्र्याच्या पेटीतली विहीर

रविवार, २८ जानेवारी १९७३. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. तिसगावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या चार कपाटांत त्या घटकेला सहाशे अठ्ठेचाळीस पुस्तके होती, आणि सहाशे अठ्ठेचाळीसही खाकी होती. कादंबरी खाकी, चरित्र खाकी, शेळीपालनाची माहितीही खाकी. पाठीवरचा काळा अंक सोडला, तर एकातून दुसरे ओळखावे अशी खूण कोठेच नव्हती.

ही करामत एलिया भिंगारदिवे याच्या हातची. नगरच्या औद्योगिक शाळेत पुस्तकबांधणीचे रीतसर शिक्षण घेतलेला हा अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ गेली चौदा वर्षे वाचनालयाची पुस्तके बांधत होता. ग्रंथपाल मच्छिंद्र मास्तरांचा दंडकच होता की, नवे पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी एलियाकडे गेले पाहिजे. एलिया त्याचे मुखपृष्ठ काढी, शिलाई पक्की करी, पुठ्ठा चढवी आणि वर खाकी कापड ओढून घेई. "पुस्तक शंभर वर्षं टिकलं पाहिजे," असे मास्तर म्हणत. पुस्तके टिकलीही होती, कारण त्यांना कोणी हात लावत नव्हते.

त्या सकाळी सरपंच श्रीमंतराव आले, ते बसलेही नाहीत.

"मास्तर, मिलोची, त्या परदेशी लाल जोंधळ्याची पोती यायची हायेत. चावडी भरली, शाळेची पडवी भरली. आता ही खोली लागंल."

"आणि ग्रंथ?"

"माळ्यावर. डिसेंबरात किती पुस्तकं गेली?"

मास्तरांनी नोंदवही उघडली, चष्मा पुसला, पुन्हा लावला. "अकरा."

"त्यातली पाच तुमीच नेली असतील."

"चार," मास्तर म्हणाले.

सरपंच हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात धान्य भिजू नये, एवढीच त्यांची काळजी होती. मग म्हणाले, "जनावरं छावनीत गेल्यात, माझा गोठा मोकळा हाय, पन त्याला दार न्हाई. फेब्रुवारीत शंभर पुस्तकं गेली, तर दार बसवून पोती तिथं ठिवीन. न्हाई गेली, तर एक मार्चाला किल्ली द्या."

कोपऱ्यात पुठ्ठा कापत बसलेल्या एलियाने हे सारे ऐकले. सरपंचांचे काही चुकत नव्हते. चुकले होते ते आपल्याच हातांचे, एवढे त्याला लख्ख दिसले.

घरी येऊन त्याने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली.

"काढली का शेवटी तुमची कातडी?" त्याची बायको रोझी म्हणाली. "चौदा वर्षं त्या पेटीपायी माझी लुगडी खुंटीवर लोंबतात."

पेटीत चारशे बारा मुखपृष्ठे होती. पहिल्याच वर्षी एक मुखपृष्ठ काढून टाकताना त्याचा हात अडखळला होता, आणि तेव्हापासून धड निघालेले एकही त्याने फेकले नव्हते. प्रत्येक दोन पुठ्ठ्यांत दाबलेले, प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीने पुस्तकाचा अंक.

अंक दोनशे बारा त्याने उजेडात धरला. हाच तो पहिला अडखळा. वरून पाहिलेली एक विहीर. छपाईला रंग दोनच, काळा आणि हळदी. पण जिथे एकावर दुसरा चढला होता तिथे ओल्या दगडाचा तिसरा रंग उगवला होता. पुस्तकाचे नाव हाताने रेखलेले, आणि त्याची शिरोरेघ पुढे वाकून विहिरीचा काठ झालेली. अगदी मध्यभागी चित्रकाराने बोटाच्या नखाएवढा कागद कोरा सोडला होता. तेवढ्या कोरेपणात पाणी होते. दोन रंगांच्या खर्चात तीन रंग आणि वर फुकटचे पाणी! असे काम करणाऱ्याला एलिया मनातल्या मनात उस्ताद म्हणत असे.

सोमवारी तो पेटी घेऊन मास्तरांपुढे उभा राहिला. "मास्तर, ही पुन्हा चिकटवू. खाकीच्या वरून."

"एलिया, मुखपृष्ठ म्हणजे दुकानाची पाटी. वाचकानं आतलं वाचावं. बांधलेल्या पुस्तकावर कागद चिकटवलेला मला चालणार नाही."

"मग पाटी बाहेर लावतो."

मास्तर पुस्तकात डोके घालून म्हणाले, "बाहेरच्या ओट्याची व्यवस्था माझ्याकडे नाही."

फेब्रुवारीतल्या पहिल्या बाजारच्या दिवशी ओट्यावर सुतळ्या ताणल्या गेल्या. कागदाला भोक पडू नये म्हणून एलियाने बांबू चिरून चिमटे केले होते. एका ओळीत चाळीस, अशा तीन ओळी. वाऱ्याने ती चित्रे हलू लागली, तशी बाजाराची वाट ओट्याशी येऊन अडली. खडीच्या कामावरून परतणारी राहीबाई डोक्यावरचे घमेले न उतरवताच विहिरीपुढे थांबली. पापण्यांवर दगडाची भुकटी तशीच होती.

"ही हीर कुनाची, एलियाभाऊ?"

"पुस्तकाची."

"पानी हाय का तिच्यात?"

"तुम्हीच बघा."

तिने मान तिरपी केली. "हाय. लई खाली हाय, पन हाय. आरं, हितं तर कागूद कोराच ठिवलाय! अन् तरी पानी दिसतंय!"

हे वाक्य कोणीतरी बोलावे, म्हणून एलिया चौदा वर्षे थांबला होता.

"मला वाचाया येत न्हाई, सुनंला येतं," राहीबाई म्हणाली. "तिच्या नावावर द्या."

एलियाने आतून दोनशे बारा आणून दिले. राहीबाईने ते खाकी पुस्तक उलटेसुलटे केले आणि परत केले. "हे न्हाई. हीर द्या."

"आत तेच आहे, बाई."

"मला काय ठावं? नवरी दाखवली एक अन् पाटावर बसवली दुसरी!"

ओटा खदखदून हसला. तिच्यामागचे चौघेजण हसत हसत निघूनही गेले. पुस्तक तिथेच राहिले. त्या दिवशी एकूण दोन पुस्तके गेली.

हसणे आत मास्तरांपर्यंत पोहोचले होते. ते बाहेर आले, रागाने नव्हे, अवघडून. सुतळीवरची विहीर त्यांनी प्रथमच पाहिली, कारण पुस्तक त्यांच्याकडे नेहमी खाकीतच येई. ते त्यांनी चारदा वाचले होते. बराच वेळ ते त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले.

"शेवटच्या प्रकरणात विहीर आटते," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तळाशी एक झरा उरतो. एवढासाच." त्यांनी नख दाखवले. "एलिया, या चित्रकारानं हे पुस्तक माझ्यापेक्षा नीट वाचलंय."

"व्हय, मास्तर."

"चिकटवायला खळ किती वेळात होईल?"

खळीचा प्रश्न घरी अडला. एलियाने मैद्याचा डबा हुडकला, तेव्हा रोझी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माणसांनी मिलो खायचा, अन् पुस्तकांना मैदा?" मग तिनेच चिंचोके भाजले, सोलले, जात्यावर भरडले आणि शिजवून दिले. त्या खळीने एलिया रोज तीसेक मुखपृष्ठे खाकीवर बसवी. दाबायला वजन कमी पडू लागले, तेव्हा राहीबाईने खडीच्या कामावरून चार सपाट दगड आणून टाकले.

"मुकादमानं इचारलं, तर सांगा, वाचायला नेल्यात," ती म्हणाली.

पहिले पुस्तक अर्थात विहिरीचे. खडीच्या कामावर दुपारच्या सुट्टीत, बाभळीच्या विरळ सावलीत, राहीबाईच्या सुनेने ते मोठ्याने वाचले. ऐकणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी ओट्यावर आल्या आणि बोट दाखवून मागू लागल्या: बैलाचं द्या, आगगाडीचं द्या, ते डोळं मिटलेल्या बाईचं द्या. मास्तर प्रत्येक चित्र आधी स्वतः न्याहाळत आणि मगच अंक लिहीत. त्यामुळे रांग लांबे. सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी नोंदी एकोणनव्वद झाल्या होत्या. अजून अकरा हवी होती, आणि दिवस एकच उरला होता.

अठ्ठावीस तारखेला, बुधवारी, संध्याकाळी सहा वाजता श्रीमंतराव आले. बोट ठेवून त्यांनी वहीतल्या साऱ्या नोंदी मोजल्या आणि विश्वास न बसल्याने पुन्हा मोजल्या.

"मास्तर, यात तुमची किती?"

"एकही नाही. या महिन्यात वाचायला सवडच झाली नाही."

सरपंचांनी वही मिटली, आणि गोठ्याचे दार बाभळीचे बसवावे की कडुनिंबाचे, हे एलियाला विचारीत ते ओटा उतरले. मास्तरांनी वही पुन्हा उघडली आणि महिन्याच्या तळाशी बेरीज लिहिली.

एकूण दिलेली पुस्तके: १०४.