तिघांचा एक पलंग

लढाई सुरू झाली आणि आमच्या प्रवासी जहाजाला राखाडी रंग फासून त्यात सैनिक भरले. माणसं चौपट, जागा तेवढीच. नाचाच्या हॉलमध्ये पलंग ठोकले आणि एका पलंगावर तिघांनी आठ-आठ तासांच्या पाळीने झोपायचं ठरलं. आम्ही जहाजावरचे कामगारही त्यात आलो. माझ्या पलंगावर आधी बेकरीवाला, मग मी, मग इंजिनवाले काका.

एक दिवस मी झोपायला गेलो, तर बेकरीवाला उठेचना. पिठाचं पोतं उचलताना त्याच्या कंबरेत उसण भरली होती.

"कुणाला सांगू नकोस रे," तो म्हणाला. आजारी माणसाला पुढच्याच बंदरात उतरवायचे. त्याची बायको होती शेवटच्या बंदरात, दिवस भरत आलेली.

पण पुढची पाळी काकांची, म्हणून मी फक्त त्यांना बोलावलं. ते त्याला म्हणाले, "मुकादम फेरीला येतो तेव्हा पलंग भरलाय एवढंच बघतो. तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहा."

मग तो तिघांच्याही पाळ्या झोपला. मी आणि काका जिन्याखाली लवंडायचो. डेक पुसून झाला की त्याच्या जागी पीठ मळायला मीच जायचो. बेकरीतले लोक सगळं समजून गप्प राहिले. माझा पाव चावून एक सैनिक म्हणाला, "हा शत्रूवर टाकायचाय का?"

मधलं एकच बंदर होतं, तेही मागे पडलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला भिंत धरत बेकरीत आला आणि मला बाजूला सारून परातीसमोर उभा राहिला.

"बायको भेटणार आता," तो म्हणाला. "तू जा, झोप. तिन्ही पाळ्या तुझ्या."