लॉइडच्या मागे टाकलेलं पाणी

धंदा विकून लॉइड निघाला, तेव्हा मुअल्लानं सवयीनं त्याच्या गाडीमागे भांडंभर पाणी भिरकावलं.

"हे काय गं?" म्हाताऱ्यानं काच खाली केली.

"आमच्या तुर्कस्तानात, इझमीरला, जाणाऱ्याच्या मागे ओततात, काका. पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या."

"मला परत ये म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं," लॉइड म्हणाला आणि डोळे पुसून गेला.

अमेरिकेतल्या टँपा शहरात एक्केचाळीस अंगणांचं गवत कापायचं काम, त्याची दोन यंत्रं आणि एक जुना ट्रक. मुअल्ला आणि तिचा नवरा जेव्देत यांनी इझमीरचं राहतं घर विकून एवढंच घेतलं होतं. त्यावरच त्यांचा गुंतवणूकदाराचा व्हिसा उभा होता. अट एकच, धंदा स्वतः चालवायचा. नाहीतर चंबूगबाळं आवरा.

चौथ्या दिवशी कळलं, बहिणीच्या गावी लॉइड झोपेतच गेला. मुअल्ला मनापासून रडली. दुसऱ्या सकाळी दोघं मिसेस पामरच्या अंगणात पोचले, तर गवत कापून झालेलं, कडासुद्धा रेघेत.

"लॉइड आत्ताच गेला की," बाई म्हणाल्या.

"अहो, ते वारले."

"मग मला हात कुणी केला?"

पुढच्या अंगणात तेच, त्याच्या पुढच्यातही. हे सातला निघाले तर तो सहालाच येऊन गेलेला.

"मेलेला राबतोय आणि जिवंत बेकार!" जेव्देत हसू बघायचा, मग तिच्यावरच उखडायचा. "तूच बोलावलंस ना? हात दाखवून अवलक्षण! आता जा म्हणून सांग त्याला."

एका रिकाम्या घरामागे यंत्राची घरघर ऐकून मुअल्ला एकटीच पुढे झाली. "काका," तिनं हाक मारली. यंत्र थांबलं. कुणीतरी कान देऊन उभं आहे, हे तिला कळत होतं. परत येऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याला जन्मात कुणी ये म्हटलं नाही, त्याला नको कुठल्या तोंडानं म्हणायचं? ती मुकाट्यानं मागे फिरली आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

व्हिसाची मुदत वाढवायला गिऱ्हाइकांची पत्रं लागली. बिचाऱ्यांनी खरं तेच लिहिलं: काम उत्तम, लॉइडच करतो. धंदा अर्जदार चालवत नाहीत, असा शेरा मारून अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला.

निघायच्या दिवशी निरोपाला चिटपाखरू नव्हतं. विमानतळाकडे ट्रक हलला आणि मागे सपकन पाणी पडलं. मुअल्लानं वळून पाहिलं. तापलेल्या रस्त्यावर भांडंभर ओल होती.

तिचे डोळे भरून आले. मग आठवलं, लॉइड परत आला खरा, पण कसा.

"जेव्देत," ती म्हणाली, "गाडी हळू चालव."