धडामची खंजिरी

त्या पोराचं खरं नाव आठवायला त्याच्या आईलासुद्धा क्षणभर थांबावं लागायचं. सगळ्यांसाठी तो धडाम. तो खोलीत असला की काहीतरी पडायचंच. खुर्ची पडायची, चहाचा पेला पडायचा, आणि हाताशी दुसरं काही नसलं तर खंजिरी पडायची. चर्चच्या तरुण संघाच्या गाण्यांना खंजिरी वाजवायचं काम त्याला इस्त्रीताईनेच दिलं होतं आणि दर शुक्रवारी तिला त्याचा पश्चात्ताप व्हायचा.

"हाताला तेल लावून येतोस का रे?" ती ओरडायची.

धडाम दोन्ही कान पकडायचा, दात काढायचा आणि खंजिरी उचलायचा. बाकीची पोरं माना खाली घालून बसायची. ताईला वाटायचं, आपल्या ओरडण्याचा परिणाम.

इस्त्रीताई हे नावही पोरांनीच ठेवलेलं. ती लाँड्रीत कामाला होती. दवाखान्याच्या नि लॉजच्या चादरी दिवसभर वाफेच्या मोठ्या रुळाखालून काढायच्या, घड्या घालायच्या आणि संध्याकाळी तेच भाजलेले हात घेऊन चर्चमागच्या खोलीत यायचं. चुरगळलेलं काहीही सरळ करता येतं, फक्त ऊब आणि दाब बेताचा हवा, अशी तिची ठाम समजूत. माणसांच्या बाबतीत ही समजूत टिकवणं कठीण, पण बाई हट्टी होती.

आणि वस्ती तर पुरती चुरगळलेली. बाटल्यांचा कारखाना बंद पडला आणि तिचा कणाच मोडला. ज्या बापांचे पाय कधी दुपारी घराला लागत नव्हते, ते दिवसभर खिडकीत बसू लागले. काही पिऊ लागले. काही कामाच्या शोधात गेले ते गेलेच. घरात आदळआपट नको म्हणून पोरं रस्त्यावर, आणि रस्त्यावर जे शिकायला मिळतं ते मिळू लागलं. तेव्हा ताईने चर्चच्या कमिटीकडे मागची अडगळीची खोली मागितली. कमिटीतले एक वडीलधारे म्हणाले, "पोरं भिंती खराब करतील."

"ओल आधीच करतेय," ताई म्हणाली. "पोरं निदान गातील तरी."

गाऊ लागायला वेळ लागला. आधी दोघांची मारामारी झाली, मग कुणीतरी माईकची वायर पळवली, मग एक जण बायबल उघडून त्यावरच डोकं टेकून घोरला. तो पहाटेपासून बेकरीत राबायचा, त्याला कोण उठवणार? एका मुलाला ताईने महिनोन्‌महिने जीव लावला आणि तो एक दिवस न सांगता शहर सोडून गेला. त्या रात्री ताई जेवली नव्हती. पण हळूहळू खोली भरली. आणि मग एक मुलगी आली, जिला पोरांनी लगेच शिट्टी म्हणायला सुरुवात केली.

शिट्टीचा आवाज असा स्वच्छ आणि उंच की तिने पहिलं कडवं उचललं की घोरणारासुद्धा जागा व्हायचा. वडील आधी कारखान्यात वायरमन होते, आता बोटीवर नोकरीला आहेत, असं ती सांगायची. बोट कुठे आहे, समुद्रात मासे कसे उडतात, बाबांनी बंदरात काय पाहिलं, हे ती इतकं रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला खारं वारं लागावं. ऐन रंगात कुणी नवखा विचारायचा, "मग येणार कधी तुझे बाबा?" आणि नेमकी तेव्हाच धडामच्या पायाने खुर्ची उलटायची. ताईला राग यायचा. चांगली गोष्ट मध्येच तुटायची.

खरं काय ते शिट्टीने एकट्या ताईला सांगितलं. ती लाँड्रीच्या मागच्या दाराने आली, काही न बोलता चादरीची दोन टोकं धरली आणि घडी घालू लागली. घडी घालताना दोघींना एकमेकींजवळ यावं लागतं, मग पुन्हा लांब जावं लागतं. जवळ आली की ती एक वाक्य बोलायची. बाबा बोटीवर नाहीत. बाबा तुरुंगात आहेत. बंद कारखान्यातली तांब्याची केबल कापून विकताना पकडले. त्यांनाच माहीत होतं ना, कुठली वायर कुठून जाते.

"कुणाला सांगू नकोस, ताई."

"कुणालाही नाही," ताई म्हणाली, आणि ते अगदी मनापासून. लाँड्रीत कपडे धुण्याआधी खिसे तपासायचं काम तिचंच. लोकांच्या खिशात काय काय सापडतं याचं तिने आजवर अवाक्षरही काढलं नव्हतं. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. माणसांसमोर तिचं तोंड बंद असायचं. देवासमोर ते उघडं असायचं, आणि एकदा डोळे मिटून प्रार्थनेला लागली की खोलीत आणखी माणसं आहेत हे ती साफ विसरायची.

तो शुक्रवार फार छान गेला होता. गाणी अशी रंगली की ओलीचा वाससुद्धा कुणाला जाणवला नाही. शेवटची प्रार्थना ताईची. तिचं मन भरून आलं होतं. तिने प्रत्येकासाठी मागितलं, आजारी आज्यांसाठी, परीक्षांसाठी. मग शिट्टीकडे आली.

"प्रभू, या लेकराच्या बाबांना..."

धाडकन खंजिरी पडली. आजसुद्धा! ताईने डोळे उघडले नाहीत, फक्त आवाज चढवला.

"...या लेकराच्या बाबांना तुरुंगात एकटं सोडू नकोस. त्यांनी केबल चोरली ती पोटासाठी..."

आता खुर्ची पडली. तिच्यामागून दुसरी. ताईने चिडून डोळे उघडले. सगळ्यांचे डोळे उघडे होते. शिट्टी उभी होती. तिने दप्तर उचललं आणि ती निघून गेली. 'आमेन' म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई तिच्या घरी गेली. आईने दार अर्धंच उघडलं. एरवी ती ताईला अगं-तुगं करायची.

"तुम्ही येऊ नका आता," ती म्हणाली. "पोरगी मामाकडे जाते म्हणतेय, शाळा सोडून. तिला इथे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही."

ताई तशीच परत फिरली. घरी आली तर तिची स्वतःची आई समोर बसलेली. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी लहानपणापासून सांगतेय."

"इतके महिने भिजला होता गं, आई."

"मग चांगलाच फुगला असेल. म्हणून तर बाहेर पडला."

आई असं बोलली खरी, पण मग तिने उठून लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्यानेच ताईला रडू फुटलं. जिभेला आवर कसा घालावा यावर तिने स्वतः पोरांना लागोपाठ दोन शुक्रवार धडा दिला होता. देणाऱ्याचं काय जातं! तिला त्या धड्यातला शब्द न्‌ शब्द आठवत होता आणि एकेक शब्द तोंडात मारल्यासारखा लागत होता.

ती चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली आणि खोलीची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. पाळकसाहेब स्टुलावर चढून दिवा बदलत होते. त्यांनी वरूनच विचारलं, "चूक कुणासमोर झाली?"

"मुलांसमोर."

"मग माझ्याकडे काय आलीस? शुक्रवारी खोली उघड, त्यांच्यासमोर उभी राहा. किल्ली त्यानंतरही ठेवावीशी वाटली तर मी आहेच." आणि मग जरा हळू म्हणाले, "स्टूल धर गं. हलतंय."

शुक्रवारी ताईने खोली उघडली. सगळे आले, शिट्टी सोडून. ताई उभी राहिली. तिने लिहून आणलं नव्हतं, घसा साफ केला नाही, सरळ बोलली. "मी एका मुलीचा विश्वास मोडला. प्रार्थना करत होते ही काही सबब नाही. तुम्ही जे ऐकलंत ते या खोलीबाहेर नेऊ नका, एवढी भीक घाला मला."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग धडामने हात वर केला.

"ताई, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. आधीपासून. ही वस्ती केवढी, ताई! कुणाकडे दूध उतू गेलं तर चार घरांना कळतं. पोलिसांची गाडी आली ती काय कुणाला दिसली नसेल होय? माझे बाबा आणि तिचे बाबा एकाच पाळीला होते. त्या दिवशी बाबा घरी येऊन रडले."

कोपऱ्यात बसणाऱ्या, कधी तोंड न उघडणाऱ्या शिंप्याच्या मुलीने पुढचं सांगितलं. "आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, ताई. बापांचा विषय निघाला की धडामने काहीतरी पाडायचं. म्हणजे तिला उत्तर द्यावं लागणार नाही."

ताई खाली बसली. "म्हणजे इतके दिवस ती खंजिरी..."

"एकदा चहाचा पेला खरंच सुटला होता हातातून," धडाम प्रामाणिकपणे म्हणाला. "बाकीचं मुद्दाम. त्या दिवशीही पाडली. पण तू थांबलीच नाहीस."

ताई हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. या पोरांना एकमेकांवर प्रेम करायला शिकव म्हणून ती देवाच्या मागे लागली होती, आणि ती पोरं तिच्या डोळ्यांदेखत तेच करत होती, आणि ती त्यांना हाताला तेल लावलंय का म्हणून झापत होती! देवाने आपलं मागणं कधीच ऐकलं होतं आणि आपल्यालाच खबर नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर, तिला आवरता येईना एवढी, कृतज्ञता वाटली.

"हे तिला कुणी सांगितलंय?" तिने विचारलं.

कुणीच नव्हतं. मग सगळी वरात तशीच निघाली, खोलीला कुलूप लावायचंही राहिलं. शिट्टीच्या दारात सगळे उभे राहिले, ताई सर्वांत मागे. दार शिट्टीनेच उघडलं. तिच्यामागे जमिनीवर अर्धी भरलेली बॅग दिसत होती.

धडामने सांगायला सुरुवात केली, अडखळला, पुन्हा सुरुवात केली. शिट्टी ऐकत होती.

"सगळ्यांना माहीत होतं?" शेवटी ती म्हणाली. "मग माझ्या बोटीच्या गोष्टी का ऐकत बसायचात? मजा बघायला?"

"नाही गं," बेकरीतला पोरगा म्हणाला. "चांगल्या असायच्या म्हणून. त्या तेवढ्या वेळात मला झोप यायची नाही."

शिट्टीने त्याच्याकडे पाहिलं. मग धडामकडे. "आणि ती खुर्ची? माझ्या पायावर पडली होती तीसुद्धा?"

"नेम चुकला," धडाम म्हणाला.

तिच्या तोंडातून हसू फुटलं आणि त्याच्यामागून रडू, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून दोन्ही एकदमच करत राहिली. शिंप्याच्या मुलीने काही न बोलता आत जाऊन बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

गर्दी जरा पांगल्यावर ताई पुढे झाली. "माझं चुकलं. त्यांना माहीत असो नसो, माझं चुकलंच. तू मला सांगितलं होतंस."

"मी अजून रागावलेय, ताई."

"राहा. हवी तेवढी रागाव."

आतून आईचा आवाज आला, "दारात काय उभी राहिलीस? आत ये, चहा टाकलाय." ताईला क्षणभर कळेना, हे कुणाला म्हटलं. मग कळलं आणि ती चपला काढून आत गेली.

पुढच्या शुक्रवारी शिट्टी उशिरा आली. गाण्यात पहिली ओळ तिने उचलली नाही, दुसरी उचलली. बोटीची गोष्ट कुणी मागितली नाही. प्रार्थनेच्या वेळी तिने हात वर केला.

"आज मी करते," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "प्रभू, माझे बाबा तुरुंगात आहेत. रविवारी मी आणि आई त्यांना पहिल्यांदा भेटायला जाणार आहोत. काय बोलायचं ते मला माहीत नाही. तू सुचव. हे सगळे माझ्याबरोबर गप्प राहिले, त्यांच्यासाठी तुझे उपकार. आणि ताईच्या तोंडाला एक कडी लाव. पण बाहेरून लावू नकोस. तिला आमच्यासाठी मागता आलं पाहिजे."

खोलीत कुणीतरी नाक ओढलं. ताईच्या मनात आलं, ही मुलगी परत आली, ही सगळी पोरं या ओल्या भिंतींच्या खोलीत बसली आहेत, आणि आपल्यासारख्या फुटक्या भांड्याला अजून त्यांच्यात जागा आहे. हे सगळं देवाला सांगितल्याशिवाय तिला राहवेना. शिट्टीचं 'आमेन' व्हायच्या आतच ती बोलू लागली.

"प्रभू, तुझे किती उपकार मानू! आणि या लेकराच्या आईलाही बळ दे, त्या दिवशी चहा पिताना ती मला सांगत होती की..."

धाडकन खंजिरी पडली.

ताई थांबली.

"आमेन," ती म्हणाली.

सगळ्यांत आधी शिट्टी हसली.