सरळ दोरे

"कोर्टाला आकडा लागतो बाई, प्रवचन नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "हे बघा. आंधळ्यालाही दिसेल."

फोटो मी काढलेला. गुन्ह्यांचे पुरावे तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत फोटो काढणं हेच माझं काम, आणि फोटो म्हणून तो झकासच होता. एका स्वयंपाकघराची भिंत, तिच्यावर रक्ताचे बारीक डाग, प्रत्येक डागापासून मागे ताणलेला लाल दोरा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सिंकपाशी, सगळे दोरे जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. उभ्या माणसाच्या डोक्याइतकी उंच. साहेबांनी तो मोठा करून केबिनमध्ये लावला होता.

"दोरे सरळ आहेत साहेब," साइनताई म्हणाल्या. "थेंब सरळ येत नाही."

साइनताई हे नाव आम्हीच पाडलेलं. डागाची रुंदी आणि लांबी मोजायची, रुंदीला लांबीने भागायचं आणि साइनच्या हिशेबाने थेंब कुठल्या कोनात आदळला ते काढायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. डाग गोल असेल तर थेंब समोरून आला, लांबट असेल तर तिरका. एवढं मलाही कळतं, आणि मी गणितात काठावर पास झालेला माणूस. त्या मात्र भिंगाखाली एकेक डाग मोजत बसायच्या. चहाला हाक मारली की "एवढा एक होऊ दे" म्हणायच्या आणि चहाचं पाणी व्हायचं. महा हट्टी बाई. माप चुकलं की आमच्यावर खेकसायच्या, स्वतःवर त्याहून जास्त.

त्या स्वयंपाकघरात एक म्हातारे घड्याळजी मेले होते. मुलं परगावी, घरात सांभाळायला ठेवलेली एक मावशी. मावशीचं म्हणणं असं की आजोबा सिंकपाशी पडले, जमिनीलगतच्या दगडी कट्ट्यावर डोकं फुटलं. तिने काखेत हात घालून त्यांना अर्धवट उठवलं, तेवढ्यात ते निसटले आणि फुटलेलं डोकं त्याच कट्ट्यावर पुन्हा आपटलं. रक्त उडालं ते तेव्हा. पोलिसांचं म्हणणं, ते उभे असताना हिने मारलं. कशाने मारलं ते कुणालाही सापडलं नाही. पण आदल्या दिवशी औषध घेण्यावरून दोघांची वादावादी झालेली शेजाऱ्यांनी ऐकली होती. म्हणजे त्या बाईचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं: रक्त उडालं तेव्हा डोकं वर होतं की खाली?

"बागेत पाइपने पाणी मारता ना साहेब?" साइनताई सांगत होत्या. "पाणी कमान करून जातं. थेंबही तसाच. एवढी खोली ओलांडून भिंतीला लागेपर्यंत तो खाली झुकलेला असतो. त्या झुकलेल्या दिशेने मागे सरळ दोरा ताणला, तर दोरा नको तितका वरच जाणार. मी पुन्हा हिशेब केलाय. डोकं उभ्या माणसाच्या उंचीवर असू शकतं, गुडघ्याखालीही असू शकतं. थेंबाचा वेग आपल्याला माहीत नाही. त्यापुढे गणित बोलत नाही."

"मग शिकलात कशाला एवढं?" साहेब हसले. "अहवालावर सही माझी आहे. तुम्ही मापं घेतलीत, कोर्टात मापं सांगा. बाकी तोंड बंद."

साहेबांना हे कळत नव्हतं असं कुणी समजू नये. त्यांनीच आम्हाला शिकवलेलं आहे. तेच माझ्या डोक्यात जातं. पण दोरे फोटोत छान दिसतात, आणि छान दिसणाऱ्या गोष्टीवर कुणी शंका घेतली की तोच माणूस विघ्नसंतोषी ठरतो.

बचावाच्या वकिलांनी साइनताईंना साक्षीला बोलावलं. त्यांनी मापं सांगितली आणि बाकीचंही सगळं सांगितलं. मग सरकारी वकील उठले.

"म्हणजे आजोबा उभे असू शकतात?"

"असू शकतात."

"मग तुमच्या साहेबांचा अहवाल चुकीचा कसा?"

"उत्तर शक्य आहे. खात्री खोटी आहे."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, उभे की पडलेले? एक काहीतरी सांगा."

"डागांवरून सांगता येत नाही."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं की साक्षीदाराला सांगता येत नाही. झालं. वीस-पंचवीस वर्षांच्या कामाची ती किंमत. पाठोपाठ माझा फोटो पडद्यावर लागला आणि सगळी खोली त्याच्याकडे बघत बसली. मला तिथल्या तिथे उठून तो फाडावासा वाटला.

पुढच्याच महिन्यात साइनताईंची बदली झाली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचं रक्त तपासायला. तिथे आकडा एकच येतो, कुणाची तक्रार नसते. निकालाच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. मीही त्यांच्याबरोबर कोर्टात गेलो. निकालात दोऱ्यांच्या पुराव्याला 'निर्विवाद' म्हटलं होतं. मावशीला जन्मठेप झाली.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी होती, म्हणून पोलीसबाई मावशीचा एक हात धरून थांबली होती. आम्ही नेमके शेजारी आलो. मावशीने साइनताईंना ओळखलं.

"बाई, मी मारलं नाही असं तुम्हीपण म्हणाला नाहीत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

"म्हणता येत नव्हतं," साइनताई म्हणाल्या. "मला ते माहीत नाही."

"इथे बाकी सगळ्यांना माहीत होतं," मावशी म्हणाली.

गर्दी हलली. साइनताईंना अजून काहीतरी बोलायचं होतं. तिच्याकडे बघत त्या खाली उतरायला गेल्या, पायरी चुकली आणि तोल गेला. मी मागे होतो, माझा हात पोचेपर्यंत उशीर झाला असता. मावशीचा मोकळा हात कधीच त्यांच्या काखेत गेला होता. तिने खांदा त्यांच्या अंगाखाली दिला आणि त्यांचा सगळा भार स्वतःवर घेतला.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही काही. आधी हा पाय. आता हा."

पोलीसबाईने खेकसून तिचा हात ओढून काढला. तोवर साइनताई दोन्ही पायांवर नीट उभ्या होत्या.