कोरडी चादर

"खोक, माय, खोक! पोटातून खोक!"

गलोंडा गावच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कमरेला लाल दोरा बांधून पांढऱ्या चादरीवर उभी असलेली बाई जीव खाऊन खोकली. मग तिनं दोन उड्या मारल्या. देवीचा दोरा देणाऱ्या आक्काबाईंनी चादर उचलून सगळ्यांसमोर झटकली. एक थेंब नाही! साठ-सत्तर बायकांचे हात आपोआप जोडले गेले, काहींच्या डोळ्यांना धार लागली. पुरुषांना आत यायला बंदी होती, कारण दुखणंच तसं होतं. खोकलं, शिंकलं, ओझं उचललं की लघवी सुटायची. नवऱ्यालाही न सांगता वर्षानुवर्षं कपड्याच्या घड्या ठेवून कामावर जाणाऱ्या बायका होत्या त्या.

"डॉक्टर शुं करशे, काय करणार? चाकू चालवशे!" आक्काबाई कमरेला बांधायचा लाल दोरा नाचवत होत्या. "माझा दोरा पाण्याला बांध घालतो, बेन! फक्त नेम पाळा. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात नको. नेम मोडला तर मला बोल लावायचा नाही."

बांध टिकला तर देवीची कृपा, फुटला तर बाईचं पाप. शेवटच्या रांगेत बसलेल्या रोहिणीनं मुठीतला दोरा आवळला. तसलाच लाल, पण कात्रीनं कापलेला.

तो तिच्या आईचा होता. चंदा चौदा वर्षं सिल्वासाच्या सुताच्या कारखान्यात खोकी उचलत होती. संडासला जायचं तर सुपरवायझरचं तोंड बघावं लागतं, म्हणून तिथल्या बायका शिफ्टभर पाणी पीतच नाहीत. आक्काबाईंचा नेम ऐकून चंदा हसली होती. "त्यात काय अवघड? आम्ही तसंही कुठं पितो!" भर उन्हाळ्यात तिनं तो चाळीस दिवस पाळला. लघवीला जळजळ झाली, ताप आला. नेम पुरा व्हायचा म्हणून तिनं दोन्ही लपवलं. रोहिणीनं दवाखान्यात नेलं तोवर जंतू रक्तात पसरले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली. नर्सनं कमरेचा दोरा कापून रोहिणीच्या हातावर ठेवला होता.

रोहिणी शाळेत विज्ञान शिकवायची. घरात पुस्तकांची चळत होती, आणि आईच्या कमरेला काय बांधलंय ते तिला कळलं नव्हतं.

आज ती शेजारच्या सोनीसाठी आली होती. तिसऱ्या बाळंतपणापासून सोनीला हेच दुखणं. सहा महिने व्यायाम करूनही भागलं नाही, तेव्हा डॉक्टर रूपालीनं ऑपरेशनची तारीख दिली होती, येत्या सोमवारची. सोनी म्हणत होती, "ताई, दोऱ्यानं झालं तर कापाकापी कशाला?"

"सोनी, ये. आधी मागं मोरीत जाऊन मोकळी हो, पाय धू. देवीपुढं शुद्ध होऊन यावं." आक्काबाईंनी फर्मावलं.

सोनी मोरीत गेली. नेमाला धरून तिनं सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं, ओठ सुकले होते. रोहिणी दाराकडे बघत राहिली. भांडायलाच आली होती ती. आता भांडणाची गरजच उरली नाही.

सोनी परत येताच ती उठली. "आक्काबाई, दोरा बांधायच्या आधी तिला एकदा खोकू द्या."

"बिनदोऱ्याचं पाऊल चादरीला लागलं तर देवी कोपते!"

"कोपू दे माझ्यावर. माझं न्यायचं ते नेऊन झालंय." ती सोनीकडे वळली. "तुझी मर्जी, सोनी. जबरदस्ती नाही."

सोनी क्षणभर थबकली. मग चादरीवर चढली. खोकली. पुन्हा खोकली. उड्या मारल्या. वाकून तिनं स्वतःच चादर उचलली.

कोरडी.

"दोरा तर अजून तुमच्याच हातात आहे, आक्काबाई," रोहिणी म्हणाली.

कुणीतरी मागून फिसकन हसलं. "मंग काय वं, देवी मोरीत बसेल व्हती का?"

"सकाळपासून पाणी नाही, वर मोरीत पाठवून उरलंसुरलं काढून टाकायचं. रिकामी कळशी आडवी केली तर सांडणार काय?" रोहिणी म्हणाली.

"नास्तिक आहे ही! ऐकू नका!" आक्काबाई ओरडल्या. पण भिंतीशी बसलेली रजनीमावशी आपल्या कमरेचा दोरा चाचपत पुटपुटली, "घरी माझं रोजच होतं. मला वाटलं, माझंच काही पाप."

रोहिणी तिच्याकडे वळली. "पाप नाही, मावशी. बाळंतपणात, ओझ्यानं आतले स्नायू सैल पडतात. गुडघा दुखतो तसं हे दुखणं. कुणाचं व्यायामानं भागतं. कुणाला ऑपरेशन लागतं. लघवीच्या नळीखाली पट्टीचा आधार देतात, बाळाला झोळीत निजवतो ना, तसा. धोका त्यातही आहे, पण डॉक्टर तो आधी सांगतात आणि बिघडलं तर तुम्हाला पापी ठरवत नाहीत." तिनं मूठ उघडली. "हा माझ्या आईच्या कमरेचा. तिनं नेम मोडला नव्हता. मोडला असता तर वाचली असती."

आक्काबाई चादरीची घडी घालू लागल्या. ती नीट जमेना.

"पाणी द्या वं कुणी," सोनी म्हणाली. रजनीमावशीनंच पिशवीतली बाटली काढून दिली. सोनी उभ्यानं घटाघटा प्याली आणि हनुवटी पुसत म्हणाली, "ताई, सोमवारी सातला बोलावलंय. येशील ना संगं?"

"येईन."

बाटली पुढे सरकली, एकीकडून दुसरीकडे. ही गोष्ट वाचणाऱ्या बायांनो, तुमची लाज हेच अशा दोरेवाल्यांचं भांडवल आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा : दोरा न बांधता काय झालं असतं? आणि तहान लागली की पाणी प्या.