मशीनच्या खणातला पिकअप

मित्रांनो, मी एक जुना पिकअप आहे. सामान वाहणारी गाडी नव्हे हो! इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची एक काळी पट्टी बसवलेली असते ना, ती मी. माझ्या पोटात सहा छोटे लोहचुंबक आहेत आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली आहे. वर गिटारची तार थरथरली की ते मला कळतं आणि मी ते वायरीतून स्पीकरपर्यंत पोचवतो. म्हणजे गिटारचा कान मी आणि गळाही बराचसा मीच. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीने सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात, खिडकीलगतच्या टेबलावर झाला. तिथे एक मावशी दिवसभर पिकअप गुंडाळत बसायच्या. फिरवायचं काम यंत्राचं, पण तार मावशींच्या दोन बोटांमधून यायची. ती कधी जरा सैल बसे, कधी घट्ट. प्रत्येकावर आठ हजार वेढे घालायचे असा तिथला नियम होता. माझ्या वेळी साडेसात हजारांवर रीळ संपलं. नव्या रिळाची तार जोडता आली असती, पण तारेत जोड दिलेला मावशींना मुळीच खपत नसे. त्यांनी मला स्पीकरला लावलं, चिमट्याने टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.

"हा जरा हळू बोलणार," त्या शेजारणीला म्हणाल्या. "बोलू दे की! सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणी?"

मग त्यांनी मला वितळलेल्या मेणाची अंघोळ घातली आणि पास केलं. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मी ज्या गिटारमध्ये बसलो ती एका गिटार शिकवणाऱ्या मास्तरांनी घेतली. त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मास्तर शिकवत आणि मागे स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र चाले. दुपारी चार वाजता, विद्यार्थी यायच्या आधी, मास्तर स्वतःसाठी वाजवत. खरं तर बायकोसाठीच. तिच्यासाठी त्यांनी एक धून बांधली होती. तोंडाने कौतुक करायची पंचाईत, म्हणून माझ्यामार्फत करत.

पण गंमत अशी, की ती धून कधी पुरीच होत नसे. मध्यावर आली की बाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर येत. एक त्यांचा दुधाचा आणि एक मास्तरांचा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. "घ्या, निवेल," असं त्या म्हणत आणि मास्तर लगेच गिटार खाली ठेवत. एकदा त्यांनी ती धून कॅसेटवर घ्यायची ठरवली, तर त्या दिवशीही तेच! कॅसेटवर अर्धी धून आहे, मग कपांचा आवाज आहे आणि मग "घ्या, निवेल." पुढचं उद्या, असं मास्तर म्हणाले. ते उद्या काही आलं नाही.

पुढे मास्तर एका मोठ्या वाद्यवृंदात वाजवायला लागले. तिथे ढोलताशासारखे दणदण ड्रम आणि तोंडात माईक घालून गाणारे लोक. माझा आवाज कुणाला ऐकूच जाईना. मास्तर मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानवाले काका आल्यागेल्या वस्तूला आधी मीटर लावून बघत, म्हणून सगळे त्यांना मीटरकाकाच म्हणत. हाताला सोनं होतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू? पण आकड्यावर भारी विश्वास. तारेचे वेढे जास्त तितका मीटरचा आकडा मोठा, आणि आकडा मोठा तितका आवाज मोठा, हे त्यांचं गणित.

"पाच पूर्णांक दोन!" मला मीटर लावून ते म्हणाले. "मास्तर, यात दमच नाही. नऊचा देतो, सगळ्यांच्या कानठळ्या बसतील."

खरोखर बसल्या. मला मात्र मास्तरांनी शर्टाच्या खिशात घालून घरी आणलं.

"हे काय आणलंत?" बाईंनी विचारलं.

"लोहचुंबक आहे. तुला टाचण्या वेचायला होईल," असं म्हणून मास्तर हात धुवायला गेले. त्यांचा चेहरा पडला होता, ते मी पाहिलं.

तेव्हापासून मी शिवणयंत्राच्या खणात राहिलो. शेजारी बटणं, खडू आणि मोजायची टेप. सांडलेल्या टाचण्या आणि सुया वेचणं हे माझं काम. सुरुवातीला मला फार अपमान वाटे. सुरांत रमलेल्या माणसाला झाडू मारायला लावल्यासारखं वाटे. पण बाई रोज म्हणत, "किती कामाचं आहे हे!" आणि मी विरघळे. कौतुकापुढे कुणाचा टिकाव लागतो? अशी वीस वर्षं गेली.

मग मास्तर गेले. घरातली चारची वेळ एकदम मुकी झाली.

त्यांची लेक तोवर स्वतः चांगली वाजवायला लागली होती. वडिलांची वही चाळताना तिला त्या धुनेचा उरलेला अर्धा भाग सापडला. आईने तो कधीच ऐकला नव्हता. आणि आईचे कान तर उतरत चालले होते. वर्षभरात फारसं ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लेकीने मनाशी पक्कं केलं, की त्याआधी आईला ती धून पुरी ऐकवायची, आणि तीही बाबांच्याच आवाजात.

पण तो आवाज काही केल्या जमेना. गिटार तीच, वाजवणारी बोटं तयार, तरी कॅसेटमधला गोडवा येईना. ती मीटरकाकांकडे गेली. त्यांनी आठचा पिकअप बसवून दिला. मग साडेआठचा. मग डबीवर 'जुन्या धाटणीचा' असं छापलेला एक.

"हा कानात टोचतो," आई पहिल्याला म्हणाली.

"हा डबक्यात बसून बोलतोय," दुसऱ्याला म्हणाली.

तिसरा ऐकून ती जरा थांबली. "छान आहे गं बाळा. पण हे ते नाहीत." आणि पुन्हा शिवायला बसली.

लेकीचे डोळे भरून आले. मी खणात पडून हे सगळं ऐकत होतो. अरे, मी इथे आहे, असं ओरडावंसं वाटत होतं. पण तारा नसल्या की मला वाचा नसते.

तेवढ्यात आईच्या हातून टाचण्यांची डबी कलंडली. तिने खण उघडला, मला उचललं आणि जमिनीवरून फिरवायला लागली.

"आई, ते काय आहे तुझ्या हातात?"

"लोहचुंबक. तुझ्या बाबांनी दिलेलं."

लेकीने मला हातात घेतलं, टाचण्या झटकल्या आणि उलटं केलं. माझ्या पाठीला दोन तुटक्या वायरी अजून लोंबत होत्या. तिने काय ते ओळखलं आणि मला घेऊन तडक दुरुस्तीचं दुकान गाठलं.

मीटरकाकांनी मला पाहताच ओळखलं. सवयीने मीटर लावलं आणि म्हणाले, "पाच पूर्णांक दोन. अगं, मीच काढला होता हा. याच्यात काही नाही."

"काका, आज मीटर ठेवा बाजूला. नुसतं बसवा आणि ऐका."

त्यांनी वायरी जोडल्या आणि लेकीने एकच तार छेडली. काका चष्मा काढून पुसत राहिले. "आकडा बघितला मी तेव्हा," ते म्हणाले. "ऐकलंच नव्हतं गं."

दुसऱ्या दिवशी चार वाजता, आईला काही न सांगता, लेक पुढच्या खोलीत वाजवायला बसली. मी जीव ओतला मित्रांनो! वीस वर्षांचा गंज, टाचण्या, खडूची धूळ, सगळं विसरलो. मागे शिवणयंत्र थांबलं. धून मध्यावर आली आणि स्वयंपाकघरातून कपांचा आवाज झाला.

आई दोन कप घेऊन दारात आली. एक दुधाचा, एक बिनदुधाचा. लेक तर चहा पीतच नाही. आईने हातातल्या त्या दुसऱ्या कपाकडे पाहिलं, आणि आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. लेकीची बोटं थांबली.

"थांबू नकोस," आई म्हणाली. तिने दोन्ही कप खाली ठेवले आणि माझ्या अगदी जवळ, स्पीकरला टेकून बसली. "निवू दे आज. पुढचं वाजव."

आणि ती धून पहिल्यांदा पुरी झाली.

मित्रांनो, मी आता पुन्हा गिटारमध्ये आहे. आईला आता दारावरची घंटाही ऐकू येत नाही. पण चार वाजता लेक वाजवायला लागली की ती गिटारच्या लाकडावर तळहात ठेवून बसते आणि मध्यावर आलं की मान डोलावते. तुमच्याही घरात एखादी जुनी, हळू बोलणारी वस्तू असेल. माणूसही असेल. त्याचा आकडा लगेच मोजू नका. आधी जरा जवळ बसून ऐका. चहा निवला तरी चालेल.